किगाली करार: एसीच्या गॅससाठी भारताने जास्तीची वर्षं मागून घेतली, ते बरोबर होतं का?

शीतलहर (धागाकर्ती)

श्रीमंत आणि विकसनशील देशांमधली पर्यावरणाची भांडणं बहुतेक वेळा इतकी अवाढव्य असतात की दोन्ही बाजू आपापली भाषणं करून घरी जातात. म्हणून त्यातलं एक लहान भांडण घेऊ, ज्याचा हिशोब किलोग्रॅममध्ये मांडता येतो: एसी-फ्रिजमधले एचएफसी वायू.

१९८७च्या मॉन्ट्रियल कराराने ओझोन खाणारे सीएफसी हटवायला घेतले. त्यांच्या जागी आधी एचसीएफसी (आपला जुना आर-२२) आणि मग एचएफसी (आर-१३४ए, आर-४१०ए, आर-३२) आले. एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, पण उष्णता भयंकर धरून ठेवतात. एक किलो आर-४१०ए हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो २०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतका. म्हणून १५ ऑक्टोबर २०१६ला रवांडाच्या किगालीत मॉन्ट्रियल करारात दुरुस्ती झाली आणि जगाचे गट पडले.

श्रीमंत देशांनी २०१९पासून कपात सुरू करून २०३६पर्यंत ८५ टक्के गाठायची. चीन, ब्राझील, जवळजवळ सगळा आफ्रिका यांनी २०२४ला वापर गोठवायचा आणि २०४५पर्यंत ८० टक्के कमी करायचा. भारत, पाकिस्तान, इराण, इराक आणि आखातातले सहा देश यांना २०२८ची गोठवण मिळाली. त्यानंतर २०३२ला १० टक्के, २०३७ला २०, २०४२ला ३० आणि २०४७ला एकदम ८५.

भारताची २०१५ची मूळ मागणी तर २०३१ला गोठवण अशी होती. म्हणजे किगालीत आपणही खाली आलो.

प्रश्न असा: ही जास्तीची वर्षं आपला हक्क होता, की त्यांच्या मोहात आपण उद्या बदलावे लागतील असे कारखाने आज उभे करतोय? माझं मत हक्क होता असं आहे. पण २०२४, २०२५ आणि २०२६ या तीन वर्षांच्या सरासरीवर आपला पाया (ज्या वापरावरून कपातीचे टक्के मोजायचे तो आकडा) ठरतो आणि ती मुदत २०२६ला संपते, म्हणून आत्ताच बोलूया.

दहा_नंबर_पाना

हक्कच. २०१८च्या सुमारास भारतात जेमतेम ८ टक्के घरांत एसी होता आणि अमेरिकेत ९० टक्क्यांच्या आसपास. ज्याचं पोट भरलंय त्याने उपासाची तारीख आधी ठरवावी. सीएफसीचा शोध १९२८चा, आणि त्यावर साठ वर्षं थंड हवा खाल्ली ती कोणी?

राईनकाठ

दादा, हक्काबद्दल वाद नाही. माझी अडचण वेळापत्रकाच्या आकाराशी आहे. २०४२ला ३० टक्के आणि २०४७ला ८५ टक्के, म्हणजे पाच वर्षांत ५५ टक्क्यांची उडी. एसी दहा-बारा वर्षं चालतो. २०४०ला विकलेल्या यंत्राला २०५०पर्यंत गॅस लागणार आणि तेव्हा पुरवठा पायाच्या १५ टक्क्यांवर आलेला असणार. तेवढ्यातून नवी यंत्रंही भरायची आणि जुनीही.

असं झालं की काय होतं ते युरोपने भोगलंय. २०१४च्या एफ-गॅस नियमाने बाजारात येणारा एचएफसी कोट्याने बांधला आणि २०१८ला कोटा पायाच्या ६३ टक्क्यांवर आला. आर-४०४एचे भाव भडकले, सुपरमार्केटांची शीतकपाटं चालवणाऱ्यांची पळापळ झाली आणि पूर्वेकडून चोरटे सिलिंडर येऊ लागले. ज्यांनी २०१५लाच कार्बन डायऑक्साइडवर चालणारी यंत्रणा बसवली ते सुटले. उतार हळूहळू असेल तर माणूस वेळेत हलतो. आपण कडा मागून घेतलाय.

हिशेबनीस

शीतलहरताई, वर्षांची चर्चा सगळे करतात, पैशाची कोणी करत नाही. मॉन्ट्रियल करार चालला तो पैशाच्या रचनेमुळे, म्हणून ती जरा सविस्तर लिहितो.

१९८७च्या मूळ करारात विकसनशील देशांना दहा वर्षांची सवलत होती. अट एकच: सीएफसी-हॅलॉनचा दरडोई वार्षिक वापर ०.३ किलोच्या खाली हवा. भारत आणि चीन दोघेही बाहेर राहिले, कारण पर्यायी तंत्रज्ञानाचे पैसे कोण देणार हे त्यात नव्हतं. जून १९९०मध्ये लंडनला ते ठरलं. बहुपक्षीय निधी तयार झाला, पहिल्या तीन वर्षांसाठी १६ कोटी डॉलर, आणि भारत-चीन आले तर आणखी ८ कोटी. मनेका गांधी तेव्हा पर्यावरणमंत्री होत्या. भारत १९ जून १९९२ला करारात गेला.

या निधीच्या कार्यकारी समितीत १४ जागा आहेत, ७ देणाऱ्यांच्या आणि ७ घेणाऱ्यांच्या. मतदान झालंच तर दोन तृतीयांश बहुमत लागतं आणि दोन्ही गटांत वेगवेगळं बहुमतही लागतं. अध्यक्षपद एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. जागतिक बँकेत ज्याचे पैसे जास्त त्याचं मत जड असतं. इथे तसं नाही.

पैसे मिळतात ते 'वाढीव खर्चा'चे. फ्रिजचा कारखाना आर-१३४एवरून आर-६००एवर (म्हणजे आयसोब्युटेनवर) न्यायचा असेल तर ज्वालाग्राही वायू भरणारं यंत्र, गॅस शोधणारे सेन्सर, जमिनीलगतचे हवा ओढणारे पंखे, ठिणगी न पडणारी विद्युत जोडणी, गॅस भरल्यावर नळी बंद करायला ब्रेझिंगऐवजी (ज्वालेने सांधण्याऐवजी) अल्ट्रासॉनिक वेल्डिंग, सुरक्षा तपासणी, कामगारांचं प्रशिक्षण आणि ठरावीक मुदतीपुरता चालू खर्चातला फरक, एवढं धरतात. जमीन, नवी शेड, क्षमता वाढवणं हे धरत नाहीत. कंपनीत श्रीमंत देशातल्या मालकाचा ४० टक्के हिस्सा असेल तर अनुदान तेवढं कापलं जातं.

वर खर्चाला कमाल मर्यादा. सीएफसीच्या काळात घरगुती फ्रिजसाठी ती किलोला १३.७६ डॉलर होती. सीएफसीचं उत्पादन बंद करायला १९९९मध्ये चीनला १५ कोटी आणि भारताला ८.२ कोटी डॉलर मंजूर झाले. आपली मुदत २०१०ची होती, दम्याच्या फवाऱ्यांचा अपवाद सोडला तर आपण १ ऑगस्ट २००८लाच उत्पादन थांबवलं.

आता मुद्द्याचं. निधी प्रत्येक वेळी क्षमतेची शेवटची तारीख ठरवतो. त्या तारखेनंतर उभ्या राहिलेल्या कारखान्याला बदलासाठी काही मिळत नाही. सीएफसीसाठी ती २५ जुलै १९९५ होती, एचसीएफसीसाठी २१ सप्टेंबर २००७. एचएफसीसाठी चीनच्या गटाला १ जानेवारी २०२० आणि आपल्या गटाला १ जानेवारी २०२४.

म्हणजे गोठवण २०२८ला असली तरी २०२४च्या पहिल्या दिवसानंतर टाकलेली एचएफसीची प्रत्येक नवी लाइन उद्या स्वतःच्या खिशातून बदलावी लागणार आहे. सवलत वापरायला आहे, वाढवायला नाही. हे उद्योजकांना कोणी स्पष्ट सांगत नाही.

उंबरठा

हिशेबनीस काका, ही तारीख पहिल्यांदाच वाचली. प्रतिसाद वाचनखुणांत.

मस्कतकर

आखाती देश आणि भारत एका गटात का, हे राजकारण म्हणून सांगितलं जातं. त्यात तांत्रिक कारणही आहे.

प्रत्येक गॅसचं एक क्रांतिक तापमान असतं. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी वाफेचा द्रव होत नाही. आर-२२चं ९६ अंश आहे, आर-४१०एचं साधारण ७१, आर-३२चं ७८. बाहेर ३५ अंश असताना कंडेन्सरमध्ये गॅस ४५-५० अंशांना द्रव होतो, तेव्हा कोणताच गॅस कुरकुरत नाही. बाहेर ४८ असेल आणि यंत्र गच्चीवरच्या तापलेल्या काँक्रीटवर असेल तर तेच तापमान ६२-६५वर जातं. आर-४१०ए स्वतःच्या मर्यादेजवळ पोचतो. थंडावा घटतो, वीज वाढते, दाब वाढून यंत्र स्वतःला बंद करून घेतं. ऐन उन्हाळ्यात, दुपारी दोन वाजता.

श्रीमंत देशांतली बहुतेक यंत्रं ३५ अंशांच्या चाचणीवर बेतलेली. आमच्या हवामानात तपासून दाखवा, मग तारीख मागा, ही मागणी रास्त होती. अति उष्ण देशांसाठी वेगळी सूटही आहे: वर्षातले किमान दोन महिने, दहा वर्षांच्या सरासरीने, महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३५च्या वर.

दहा_नंबर_पाना

आणि त्या सुटीच्या ३४ देशांच्या यादीत पाकिस्तान आहे, भारत नाही. आपल्याकडे हिमालयही आहे आणि कोकण-केरळही, सगळ्यांची मिळून सरासरी काढली की विदर्भ दिसेनासा होतो. चंद्रपूरच्या मे महिन्याला सरासरीत जागा नाही.

मस्कतकर, एक भर. प्रोपेनचं (आर-२९०) क्रांतिक तापमान जवळपास ९७ आहे, म्हणजे आर-२२च्या बरोबरीचं, आणि तापवणारी क्षमता नगण्य. उष्ण देशांना चांगला गॅस निसर्गाने आधीच दिलाय. तो पेट घेतो, एवढीच अडचण आहे.

बेंझिनवलय

हिशेबनीसांनी निधीची चांगली बाजू लिहिली. पैशाची रचना चुकली की काय होतं त्याचंही उदाहरण याच वायूंमध्ये आहे.

आर-२२ तयार करताना बाजूला एचएफसी-२३ नावाचा वायू निघतो, साधारण १.५ ते ४ टक्के. क्योटो हवामान कराराच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट. क्योटोमध्ये सोय अशी होती की विकसनशील देशातल्या कारखान्याने उत्सर्जन टाळलं तर त्याचे पतगुण (कार्बन क्रेडिट) श्रीमंत देशातली कंपनी विकत घेऊ शकते.

गणित करा. एक टन आर-२२मागे ३ टक्के धरले तर ३० किलो एचएफसी-२३. गुणिले ११,७०० म्हणजे ३५१ टन कार्बनचे पतगुण. टनाला १० युरो मिळाले तरी ३,५१० युरो. खुद्द आर-२२ला त्याहून कमी भाव होता. जाळायचा खर्च कार्बनच्या टनामागे एक युरोसुद्धा नव्हता. म्हणजे कचऱ्याची किंमत मालापेक्षा जास्त झाली आणि काही कारखान्यांना कचरा होण्यासाठी माल करणं परवडू लागलं. चीन आणि भारत दोन्हीकडे हे प्रकल्प होते. शेवटी युरोपीय संघाने १ मे २०१३पासून हे पतगुण स्वीकारणं बंद केलं.

मग प्रश्न आला: पैसे थांबले, आता जाळायचं कशाला? भारताने १३ ऑक्टोबर २०१६ला, किगालीच्या दोन दिवस आधी, उत्पादकांना तो स्वखर्चाने नष्ट करायचा आदेश दिला. तो निर्णय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात स्वच्छ निर्णय वाटतो. श्रीमंतांनी द्यायलाच हवं असा खर्च वेगळा आणि आपल्या नफ्यातून सहज निभेल असा खर्च वेगळा, हे आपण त्या दिवशी मान्य केलं.

लाल_शाई

दोन्ही बाजूंचे दोष लिहायचेच तर तराजू नीट धरूया.

श्रीमंतांकडून: मिथाइल ब्रोमाइड. शेतातली माती निर्जंतुक करायचा वायू, ओझोनला घातक. विकसित देशांनी तो २००५ला बंद करायचा होता, विकसनशील देशांनी २०१५ला. २००५ उजाडलं तेव्हा अमेरिकेने 'अत्यावश्यक वापर' या कलमाखाली आपल्या पायाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त सूट घेतली. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॉबेरीची शेती हे त्यातलं मोठं कारण. जगाला मुदत पाळायला सांगणाऱ्या देशाला स्ट्रॉबेरी अत्यावश्यक वाटली.

विकसनशीलांकडून: सीएफसी-११. २०१०ला जगभर उत्पादन बंद. २०१८मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं की २०१२नंतर हवेतली घट मंदावली आहे, म्हणजे कुठेतरी नव्याने तयार होतोय. २०१९ला कोरिया आणि जपानमधल्या मोजणी केंद्रांच्या आकड्यांवरून बोट पूर्व चीनकडे, मुख्यतः शानडोंग आणि हबेई प्रांतांकडे गेलं. वाढीतला निदान ४० ते ६० टक्के वाटा तिथला. इमारतींच्या उष्णतारोधक फोमसाठी स्वस्त पडतो म्हणून चोरून वापरत होते. चीनने धाडी घातल्यावर आकडे खाली आले.

करार टिकला, कारण चोरी हवेत मोजता येते. पॅरिस हवामान कराराच्या बाबतीत देश स्वतःचा आकडा स्वतः लिहून देतो.

अनुस्वार

पैशाइतकाच पेटंटचा प्रश्न आहे.

१९९२-९३ला ग्रीनपीस आणि पूर्व जर्मनीतला एक बंद पडायला आलेला फ्रिज कारखाना यांनी प्रोपेन-आयसोब्युटेनच्या मिश्रणावर फ्रिज करून दाखवला. त्यावर पेटंट घेतलं नाही. हे तंत्र युरोप, चीन, भारत सगळीकडे गेलं. आज आपल्या दुकानातल्या बहुतेक नव्या फ्रिजच्या मागे 'आर-६००ए' लिहिलेलं असतं आणि आत ४०-६० ग्रॅम गॅस असतो. अमेरिकेने घरगुती फ्रिजमध्ये त्याला परवानगी दिली ती डिसेंबर २०११ला, तीही ५७ ग्रॅमच्या मर्यादेने. १५० ग्रॅमपर्यंत नेलं २०१८ला. रसायन कंपन्या जिथे मजबूत, तिथे फुकटचा गॅस उशिरा पोचला.

आर-३२च्या बाबतीत डायकिनने २०११मध्ये विकसनशील देशांना मूळ पेटंट मोफत वापरू दिली आणि २०१५ला सगळ्या जगाला. हे चांगलंच झालं. पण तो कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट तापवणारा गॅस आहे, म्हणजे मधलं स्टेशन.

गाड्यांच्या एसीत येणारा आर-१२३४वायएफ (एचएफओ या नव्या गटातला गॅस) मात्र पेटंटांच्या कुंपणात आहे. शिवाय तो हवेत मोडला की ट्रायफ्लुरोअॅसिटिक आम्ल तयार होतं, पाण्यात उतरतं आणि तिथेच राहतं. युरोपात त्यावर बंदीची चर्चा २०२३पासून चालू आहे. तिथे नको झालेला उपाय इथे नवं तंत्रज्ञान म्हणून विकला जाऊ नये, एवढं लक्ष आपण ठेवायला हवं.

पाऊलवाट

म्हणजे गॅस बदलत बदलत आपण सीएफसी, एचसीएफसी, एचएफसी, एचएफओ अशी बाराखडीच गिरवतोय. 'ज्ञ' कधी येणार?

दहा_नंबर_पाना

'ज्ञ' म्हणजे प्रोपेन, अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. नाशिक-सांगलीकडची मोठी शीतगृहं पाहा, अमोनिया कित्येक दशकं चालू आहे. तापवणारी क्षमता शून्य. विषारी आहे, पण वास इतका उग्र की गळती लपत नाही.

घरगुती एसीत गोदरेजने २०१२मध्येच प्रोपेनचा एसी बाजारात आणला, जर्मन मदतीने. तेव्हा सगळ्यांचा पहिला प्रश्न स्फोटाचा होता, म्हणून आकडे देतो. भिंतीवरच्या एसीसाठी जुन्या आंतरराष्ट्रीय मानकातलं सूत्र असं: २.५ गुणिले पेट घेण्याच्या किमान प्रमाणाचा सव्वावा घात (प्रोपेनसाठी ०.०३८ किलो प्रति घनमीटर), गुणिले बसवण्याची उंची १.८ मीटर, गुणिले खोलीच्या क्षेत्रफळाचं वर्गमूळ. १२ चौरस मीटरच्या, म्हणजे साधारण १३० चौरस फुटांच्या खोलीला हे २६० ग्रॅमच्या आसपास येतं. लहान खोलीत मोठा एसी या सूत्रात बसत नाही, म्हणूनच भरणा कमी ठेवायची कसरत. २०२२च्या सुधारित मानकाने, गळती कळताच पंखा सुरू होणं वगैरे अटींवर, मर्यादा बरीच वाढवली.

पण खरी गळती कारखान्यात होत नाही, होते ती बसवताना आणि दुरुस्तीत. किगालीचे किलो शेवटी फ्लेअर नटपाशी (एसीची नळी जोडायच्या नटपाशी) मोजले जातात, म्हणून हे लांबलचक लिहितोय.

एसी दुसरीकडे हलवायचा असेल तर गॅस सोडून देऊ नका, आउटडोअरमध्ये गोळा करा. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा. जाड नळीच्या व्हॉल्व्हला गेज लावायचा. बारीक नळीचा व्हॉल्व्ह अॅलन कीने पूर्ण बंद करायचा. गेजचा काटा शून्याजवळ आला की लगेच जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद, आणि त्याच क्षणी वीज बंद. काटा शून्याखाली जाऊ द्यायचा नाही. सिस्टिम आधीच गळकी असेल किंवा नट ढिला असेल तर हे मुळीच करू नका. कंप्रेसर हवा ओढतो, हवा आणि तेलाची वाफ एकत्र दाबली जाते, डिझेल इंजिनासारखी पेटते आणि कंप्रेसर फुटतो. यात माणसं जखमी झाली आहेत.

नवीन जागी बसवताना आधी कोरडा नायट्रोजन भरून दाब धरतो का ते पाहायचं. मग व्हॅक्यूम पंप, ५०० मायक्रॉनपर्यंत, आणि पंप बंद केल्यावर काटा वर चढतो का ते दहा मिनिटं बघायचं. आउटडोअरमधला थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलायची पद्धत अजून चालते. तिने हवा पूर्ण निघत नाही, ओल तर राहतेच. ओल आणि आर-४१०ए-आर-३२चं पॉलिओलएस्टर तेल एकत्र आलं की आम्ल होतं आणि मोटारीचं वाइंडिंग खातं. दोन वर्षांनी कंप्रेसर जातो आणि दोष कंपनीला मिळतो.

उंबरठा

दादा, जुन्या आर-२२च्या एसीत सरळ प्रोपेन भरून देतात असं ऐकतो. तापमानाचे गुणधर्म सारखे म्हणता, मग चालेल ना?

दहा_नंबर_पाना

नाही. गॅस चालतो, यंत्र चालत नाही. आर-२२च्या यंत्रातले रिले, कॅपॅसिटरची जोडणी, पंख्याची मोटार हे सगळं ठिणगी पडली तरी चालेल असं धरून बनवलेलं असतं. भरणाही आर-२२च्या निम्म्याहून कमी लागतो, वजनकाटा न लावता अंदाजे भरला की घोटाळा. आणि पुढच्या मेकॅनिकला कळत नाही आत काय आहे, तो नळी सांधायला ज्वालेची टॉर्च लावतो.

सिलिंडरवर जे लिहिलंय तेच आत असेल असंही नाही. २०११मध्ये जहाजवाहतुकीचे शीत कंटेनर फुटून तीन जण गेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइड (आर-४०) निघाला. तो अॅल्युमिनियमशी संयोग पावून हवेत आपोआप पेटणारं संयुग तयार करतो. टंचाई आणि चढे भाव आले की बनावट गॅस येतो. राईनकाठ म्हणतात तो २०४७चा कडा मलाही याच कारणासाठी खुपतो.

राईनकाठ

नेमकं. युरोपातल्या जुन्या नियमात पाच टन कार्बनइतका गॅस असलेल्या यंत्रणेची दर वर्षी गळती तपासावी लागे, ५० टनांवर दर सहा महिन्यांनी, ५०० टनांवर दर तीन महिन्यांनी. आर-४१०एचे पाच टन म्हणजे फक्त २.४ किलो. प्रमाणपत्राशिवाय गॅसला हात लावता येत नाही. हे शिस्तीचं कौतुक नाही, त्यामागे प्रशिक्षणाचा पैसा आहे. भारताच्या २०१९च्या शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण द्यायचं म्हटलं आहे. श्रीमंत देशांकडून हक्काने मागायचं तर आधी हेच मागावं.

हिशेबनीस

आणि विजेचं विसरू नका. एक गृहीत धरून गणित: दीड टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी वर्षाला ८०० युनिट खातो, आपल्या विजेमागे युनिटला साधारण ०.७ किलो कार्बन. दहा वर्षांत ५.६ टन. त्यातला ०.९ किलो आर-३२ पूर्ण गळाला तरी ०.६ टन. उलट जुन्या आर-२२च्या एसीत दहा वर्षांत तीनदा एकेक किलो भरला तर नुसत्या गॅसचे ५.४ टन होतात. म्हणजे नव्या यंत्रात वीज महत्त्वाची, जुन्या गळक्यात गॅस. किगालीच्या वेळी लवकर गोठवणाऱ्या देशांना देणगीदारांनी ८ कोटी डॉलर देऊ केले, तेही कार्यक्षमतेसाठी. आपण २०२८ घेतलं आणि तो वाटा सोडला. हा तोटा मोजायला हवा.

लाल_शाई

हवामान कराराशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. २००९ला कोपनहेगनमध्ये श्रीमंत देशांनी २०२०पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलर कबूल केले. त्यांच्याच संघटनेच्या (ओईसीडीच्या) हिशोबाने ते २०२२ला गाठले गेले, आणि त्यातला सरकारी पैसा मुख्यतः कर्ज म्हणून गेला. २०२४ला बाकूत २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले, भारताच्या प्रतिनिधीने तिथेच आक्षेप घेतला. मॉन्ट्रियलचा निधी याच्यापुढे चिमुकला: २०२४-२६साठी ९६.५ कोटी डॉलर. पण ते अनुदान आहे आणि कोणत्या कारखान्यातला कोणता किलो गेला हे सांगता येतं.

अनुस्वार

मान्य, पण ते पॅरिसला जसंच्या तसं चालणार नाही. सीएफसी करणारे कारखाने जगात बोटावर मोजण्याइतके होते, भारतात चार. कार्बन प्रत्येक चुलीतून निघतो. शिवाय मॉन्ट्रियलकडे धाक आहे: कराराबाहेरच्या देशाशी व्यापार बंद. किगालीसाठी तो १ जानेवारी २०३३पासून लागू होतो.

मस्कतकर

मूळ प्रश्नाकडे येतो. वर्षं मागणं बरोबर होतं, कारण २०१६ला ४८ अंशांत टिकणारं, परवडणारं यंत्र बाजारात नव्हतं. आज आहे. तेव्हाचं कारण आज वापरता येणार नाही.

राईनकाठ

मला अजूनही २०४२-४७ची उडी चुकीची वाटते. पण सही झालेला करार ही किमान मर्यादा आहे, त्याआधी उतरायला कोणी अडवलेलं नाही. सीएफसीच्या वेळी भारत मुदतीआधी पोचला होता.

शीतलहर (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. माझं मत अर्धं बदललं. हक्क होता यावर मी ठाम आहे. पण मी सगळा विचार २०२८च्या तारखेवर केला होता, हिशेबनीसांनी दाखवलेली १ जानेवारी २०२४ची तारीख माझ्या लक्षातच नव्हती. तीन वर्षांत जास्त गॅस विकून पाया फुगवायचा मोह उद्योगाला होऊ शकतो, पण त्यासाठी टाकलेल्या लाइनला अनुदान नाही आणि २०४७चा कडा त्याच लाइनपुढे येणार. वरच्या मजकुरात ही तारीख आता जोडते.

आणि दहा_नंबर_पाना, ते गॅस गोळा करण्याचं वेगळ्या धाग्यावर टाका ना, पायरीपायरीने. एप्रिलच्या आत.

दहा_नंबर_पाना

टाकतो ताई. आर-२९०साठी वेगळा लिहीन, दोन्ही एकत्र नकोत.